मागच्या काचेवरचा विनोद

मी एक स्टिकर आहे. पिवळ्या रेडियमचा. एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर मला चिकटवलंय. माझ्यावर काय लिहिलंय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी काही लपवलं असं वाटायला नको. वर एक चित्र आहे. सायकलची दोन्ही चाकं वर, माणूस खाली, हातपाय पसरलेले. त्याखाली लिहिलंय : 'सायकलवाला दिसला? उडवा! दहा गुण.'

हसलात का? हसला असाल तर माझा राग नाही. पण मला शंका येते. माणूस हसला की मला नेहमीच शंका येते. ही खोड जन्मापासूनची नाही, काचेवर बसल्यावर लागली.

माझा जन्म लालबागच्या पुलाखाली, हेरंबच्या रेडियमच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर कटिंगचं मशीन आणि मागे रंगीत रोल. हेरंबने कुठल्या तरी परदेशी दुकानातलं असलं चित्र मोबाइलवर पाहिलं, त्याला मराठी मजकूर जोडला आणि मशीनला दिलं. मशीनच्या पात्याने मला कापलं. मग त्याने चिमट्याने माझ्या अक्षरांच्या पोटातले नको असलेले तुकडे उपटून काढले. तो स्वतःशीच हसत होता. एकदम तीस नग काढले त्याने माझे.

दर्शनी फळीवर माझ्या एका बाजूला 'आईबाबांचा आशीर्वाद' होता, दुसऱ्या बाजूला 'बाळ गाडीत आहे'. दोघेही माझ्याशी बोलत नसत.

चौथ्या दिवशी हेल्मेट घातलेली एक मुलगी सायकलवरून उतरली आणि फळीसमोर उभी राहिली. नूपुर तिचं नाव, ते तिनेच सांगितलं.

"दादा, हे काढा."

"का मॅडम? काय त्रास दिला त्याने?"

"मी रोज माटुंग्याहून परळला सायकलने येते. रोज कोणी ना कोणी गाडी अंगावर घालतं. तुम्ही त्यांना गुण वाटताय?"

"जोक आहे हो. कोण खरोखर उडवतंय? आणि बोलायचं स्वातंत्र्य आहे ना आपल्याकडे?" हेरंबने आजूबाजूच्या दोघांकडे बघून डोळा मारला. "तुम्ही पण करा एखादा. 'सायकल चालवा, बारीक व्हा.' तुम्हाला फुकट कापून देतो."

ते दोघे हसले. नूपुरने माझा फोटो काढला आणि कोणत्या तरी ग्रुपवर टाकला. तिला वाटलं, लोक चिडतील. काही चिडलेही. पण दुसऱ्या दिवसापासून मला मागणी वाढली. हेरंबने मला फळीवरून काढून वर, दोरीवर टांगलं. भांडणाने माल खपतो हे त्याला तेव्हा कळलं. मलाही कळलं, आणि मला ते आवडलं नाही.

मला वैभवने घेतलं. वैभव लोअर परळला एका कंपनीत नोकरीला. त्याचे आजोबा गिरणीत होते. चाळीतली ती खोली अजून आहे, आणि तिथे तो आई रमाबाईंबरोबर राहतो. पांढरी गाडी त्याने नवीच घेतली होती. त्याने काचेवर साबणाचं पाणी मारलं, मला टेकवलं आणि प्लास्टिकच्या पट्टीने माझ्या पोटातली हवा बाहेर काढली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. मी मागच्या काचेवर आहे, बाहेरच्या बाजूने. मला पुढचं काही दिसत नाही. गाडी कोणाकडे चाललीय, कोणाच्या किती जवळून जातेय, ते मला कळत नाही. मला फक्त गाडी पुढे गेल्यावर जे मागे उरतं ते दिसतं.

वैभवला चाळीच्या पटांगणात गाडी रिव्हर्सने लावायची सवय. त्यामुळे माझं तोंड बरोबर तळमजल्यावरच्या एका दाराकडे असे. ते दार भिवाकाकांचं.

भिवाकाका मूळचे कणकवलीकडचे. साठीच्या पुढचे, अंगाने सुके. रोज पहाटे सायकलने दादरच्या फुलबाजारात जायचं, फुलं आणायची, दारात बसून त्यांच्या पुड्या बांधायच्या आणि चाळीतल्या नि गल्लीतल्या घरांच्या कड्यांना लावायच्या, हे त्यांचं काम. हिरव्या पानात झेंडू, दोन जास्वंदी, थोडी तुळस, दूर्वा आणि वरून दोऱ्याचा वेढा. कोणाच्या घरी गणपती, कोणाकडे दत्त, कोणाला पांढरी फुलं लागतात, सगळं त्यांना पाठ. वैभवच्या दाराला ते पुडी लावायचे तेव्हा वैभव शाळेतही जात नव्हता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला मोठ्याने वाचलं. मग वैभवला म्हणाले, "काय रे झिला, माझे किती गुण?"

"तुमचे वीस, काका! टोपलीसकट."

गॅलरीतले सगळे हसले. भिवाकाकाही हसले, अगदी खांदे हलवून. वैभव हसत जिना चढून गेला. मी तिथेच होतो. वैभवची पाठ वळली आणि भिवाकाकांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. थोडं थोडं नाही, एकदम. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग इतकी वर्षं दाराबाहेर भिंतीला टेकून उभी असलेली सायकल उचलली आणि घरात घेतली.

त्या दिवसापासून मला शंका येऊ लागली. कोणीही हसलं की मी वाट बघतो. पुढच्याची पाठ वळू दे, मग दिसेल.

वैभव वाईट मुलगा नव्हता. आईचा रक्तदाब वाढला तर रजा घेणारा. पण भिवाकाका गल्लीत दिसले की गाडी त्यांच्या कडेने अगदी खेटून न्यायची आणि खिडकीतून ओरडायचं, "काका, वीस!" हा त्याचा खेळ झाला. मुंबईत याला कट मारणं म्हणतात. काका दचकायचे, सायकल नाल्याच्या कडेला जायची, मग ते हात वर करून हसायचे. वैभवला आरशात तो वर केलेला हात दिसत असेल. हात खाली आला की काका सायकलवरून उतरायचे आणि ती हातात धरून चालायचे, ते फक्त मी पाहायचो.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता. या महिन्यातल्या गुरुवारी घरोघरी लक्ष्मीचा घट मांडतात, म्हणून भिवाकाकांच्या सायकलवर दुप्पट माल असतो. मागे टोपली, हँडलला वेण्यांच्या पिशव्या, वर आंब्याचे डहाळे. वैभव गाडीत गॅस भरायला पहाटे गेला होता, कारण नंतर पंपावर रांग लागते. तिथून तो परत येत होता. उजाडलं होतं. हिंदमाता मागे पडून आम्ही परळच्या रस्त्याला लागलो होतो.

"काका, वीस!" असं मी ऐकलं. मग एक आवाज. फार मोठा नाही. डब्याचं झाकण पडावं तेवढा.

आणि मग मला दिसलं. सायकलची चाकं वर. माणूस खाली. झेंडू सगळ्या रस्त्यावर.

माझ्यावर जे चित्र आहे, तेच. फक्त चित्रातल्या माणसाला तोंड नाही, आणि याला होतं.

मागून येणारा टेम्पो करकचून थांबला. टेम्पोवाला उतरून धावला. आमची गाडी थांबली नाही. क्षणभर तिचा वेग कमी झाल्यासारखा वाटला, मग पुन्हा वाढला. आम्ही लालबागला आलो. वैभवने गाडी नेहमीसारखी मागे घेऊन लावली आणि वर गेला. माझ्यासमोर भिवाकाकांचं दार होतं. कुलूप लावलेलं.

त्या सकाळी बायका पाट मांडून, कलश भरून बसल्या होत्या. एकाही कडीला पुडी नव्हती. नऊच्या सुमाराला भिवाकाकांच्या मुलीचा, सुचित्राचा फोन आला. बाबांचा उजवा हात आणि गळ्याखालचं हाड मोडलंय, टेम्पोवाल्याने सरकारी दवाखान्यात नेलं.

अपघात म्हटल्यावर चौकीत नोंद झाली. टेम्पोवाल्याला नंबर दिसला नव्हता. त्याने एवढंच सांगितलं : पांढरी गाडी, लालबागकडे गेली, मागच्या काचेवर ते सायकलवाल्याचं पिवळं चित्र. भिवाकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "माझाच तोल गेला. गाडी बघितली नाही."

आमच्या गल्लीत माझे भाऊ लावलेल्या पांढऱ्या गाड्या, मला धरून, चार. चारही मालक एकमेकांकडे बघू लागले. खरं तर सगळी गल्लीच बघू लागली. गाडीजवळून जाताना लोक वाकून बंपर पाहायचे. कोणी बोट फिरवून ओरखडे तपासायचं. कालपर्यंत ज्यांना मी विनोद वाटत होतो, त्यांना मी पुरावा वाटू लागलो.

त्याच संध्याकाळी चौघांपैकी शिवाने त्याच्या व्हॅनवरचा माझा भाऊ ब्लेडने खरवडून काढला. शिवा स्कूटर दुरुस्त करतो. त्याच्या गॅरेजमधल्या गणपतीलाही भिवाकाकांचीच पुडी असे. त्याला लाज वाटली, म्हणून त्याने काढला. पण काच कुठे गप्प बसते? धुळीच्या काचेवर स्टिकरच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उमटला, कडेला गोंदाची रेघ. सकाळी सगळ्यांनी तो चौकोन पाहिला.

"रातोरात काढला बघ."

"त्याच्या मनात काही नव्हतं तर काढला कशाला?"

शिवाने सांगून पाहिलं. "अरे, भिवाकाका पडले, मला ते चित्र बघवेना!" कोणी ऐकलं नाही. उलट उरलेल्या तिघांनी आपापले स्टिकर पुसून लख्ख केले. काढलं तर संशय, ठेवलं तर सुटका, असं उफराटं झालं. वैभवनेही ओल्या फडक्याने मला पुसलं. त्याचा हात माझ्यावरून फिरला तेव्हा मला कळलं की तो माझ्याकडे बघत नाहीये.

आठव्या दिवशी भिवाकाका घरी आले. सुचित्राने त्यांना दारात खुर्चीवर बसवलं. हात गळ्यात बांधलेला. त्या रविवारी चाळीची सभा पटांगणातच भरली. हेरंबलाही बोलावलं होतं.

हेरंब तयारीनेच आला होता. "मी गाडी चालवली नाही. मी अक्षरं कापतो. उद्या कोणी पेन विकला आणि कोणी शिवी लिहिली, तर पेनवाल्याला धरणार? बोलायला बंदी घालणार का तुम्ही?"

"घाला बंदी!" गॅलरीतून कमळाबाई ओरडल्या.

"आणि मग उद्या मंडळाच्या फळ्यावर आम्ही नगरसेवकाला टोमणा मारला, तर त्यालाही बंदी?" मागून कोणी तरी म्हणालं.

गलका झाला. सुचित्रा उठली. ती दादरला एका दवाखान्यात रिसेप्शनला असते, आवाज चढवायची तिला सवय नाही.

"हेरंबदादा, बंदी नको. तुम्ही बोला. माझं एकच म्हणणं आहे. जे विकलंत ते इथे बाबांसमोर उभं राहून मोठ्याने वाचा. बस."

हेरंब हसला. भिवाकाकांसमोर गेला. "सायकलवाला दिसला..." एवढं म्हणाला आणि खोकला. "हे बघा, हे असं नसतं. विनोदाला वेळ असते." आणि तो जाऊन मागे उभा राहिला.

गाडीवाल्यांपैकी दोघांनी मान हलवून नकार दिला. शिवाने हात जोडले.

मग वैभव पुढे आला. मला वाटलं, आता सांगेल. तो सरळ भिवाकाकांसमोर उभा राहिला आणि शाळेत कविता म्हणावी तसं, एका दमात, मला पूर्ण वाचलं. वर हसलाही. "काय काका? तुम्हाला तर आधीपासून माहितीय. आपल्यात कधी राग होता का?"

"छे रे," भिवाकाका म्हणाले आणि हसले. लोकांचाही श्वास सुटला. बघा, ज्याच्या मनात पाप नाही तो बेधडक वाचतो! पुन्हा सगळ्यांच्या नजरा शिवाकडे गेल्या.

वैभव वळला. मी काकांकडे बघत होतो. या वेळी ते हसू उतरलं नाही. तसंच तोंडावर राहिलं, आणि वरून डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. सुचित्रा खुर्च्या उचलत होती. तिला दिसलं नाही.

पण रमाबाईंना दिसलं. वैभवची आई माझ्याच शेजारी, गाडीला टेकून उभी होती.

मंगळवारी चौकीतून शिवाला बोलावणं आलं. त्याची बायको कांता पटांगणातून रडत त्याच्या मागे गेली. व्हॅनही घेऊन या, असं सांगितलं होतं. गॅलरीतले सगळे बघत होते. कोणी शिव्या दिल्या नाहीत, पण कोणी त्याच्याबरोबर गेलंही नाही.

रमाबाई खाली आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या रोज पोथी वाचतात, तसं बोट ठेवून त्यांनी माझा एकेक शब्द वाचला. मग चित्रावर बोट ठेवलं. तेवढ्यात वैभव ऑफिसला निघाला. पायीच. त्या गुरुवारपासून त्याने गाडी बाहेर काढली नव्हती.

"वैभव, थांब. गाडी का नेत नाहीस?"

"पार्किंग मिळत नाही गं तिकडे."

"आधी मिळायचं?"

रमाबाई दोन पावलं चालून भिवाकाकांच्या दाराशी गेल्या. "भाऊजी, एक विचारते. त्या दिवशी ह्याचीच गाडी होती ना?"

भिवाकाका डाव्या हाताने पानं पुसत होते. पुड्या बांधता येत नव्हत्या, पण हाताला सवय. त्यांनी दुसरं पान घेतलं.

"वयनी, जाऊ द्या."

"शिवाला नेलंय. कसं जाऊ देऊ?"

"शिवाला?" त्यांनी पान खाली ठेवलं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. "शिवा नव्हता. शिवा नव्हता तिकडे."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

काकांनी वैभवकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "सांगून काय करू, वयनी? मला वाटलं, तो हसेल. म्हणेल, वीस गुण झाले."

वैभव पायरीवर बसला. बॅग मांडीवर होती, ती घसरून खाली पडली. "काका, आवाज आला होता मला," तो म्हणाला. "मला वाटलं, टोपली घासली असेल."

"आरशात बघायचं होतंस," रमाबाई म्हणाल्या.

"बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं."

हे तो इतक्या हळू बोलला की मलाही जेमतेम ऐकू आलं. रमाबाईंनी त्याला मारलं नाही, रडल्याही नाहीत. पायात चपला होत्याच. त्या गाडीचं दार उघडून आत बसल्या आणि म्हणाल्या, "चल. तिथे शिवा एकटा आहे."

चौकीच्या दाराबाहेर शिवाला बाकावर बसवलं होतं. तो वैभवला पाहून उठला. "वैभ्या, सभेत तू वाचलंस तेव्हा मी टाळी वाजवणार होतो रे," एवढंच म्हणाला आणि कांताला घेऊन निघून गेला. अजून तो वैभवशी बोलत नाही. त्याच्याकडे त्याचं कारण आहे.

मग पंचनामा झाला. चष्मा लावलेले एक हवालदार गाडीभोवती फिरत, मोठ्याने बोलत लिहीत होते. डावीकडच्या आरशाला खालच्या अंगाने ओरखडा. बंपरच्या फटीत, अगदी आत, सुकलेली झेंडूची पाकळी. मग ते माझ्यापाशी आले. दोन पंचांसमोर त्यांनी मला मोठ्याने वाचलं, शब्द मोडत, कारण ते लिहूनही घेत होते. "सायकलवाला... दिसला... प्रश्नचिन्ह. उडवा... उद्गारचिन्ह. दहा गुण." ते हसले नाहीत. पंच हसले नाहीत. मला मोठ्याने वाचलं आणि कोणीच हसलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

हवालदारांनी चष्म्यावरून वैभवकडे पाहिलं. "गुण म्हणजे कसले?"

वैभवने माझ्याकडे पाहिलं.

"नाही, मला लिहायला लागेल म्हणून विचारतो. हे गुण देणार कोण?"

"साहेब, तसं काही नाही. तो... विनोद आहे."

"बरं." त्यांनी पुढे काही लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही, कागद त्यांच्याकडे वळलेला होता.

वैभवला जामीन झालाय. मी अजून चौकीच्या आवारात आहे, जप्त केलेल्या रिक्षा आणि मोटारसायकलींच्या मध्ये. माझ्यावर धूळ साचलीय. 'दहा'चा काना उन्हाने सुटून वर वळलाय. रमाबाई एकदा येऊन गेल्या, कागदपत्रांसाठी. त्यांच्याकडून कळलं की भिवाकाकांचा हात अजून वर उचलला जात नाही. पुड्या सध्या सुचित्रा लावते, कामावर जायच्या आधी, आणि वैभवच्या दाराची कडी ती वगळते.

मला कोणी बंदी घालावी का, ते मी सांगू शकत नाही. माझं शिक्षण म्हणजे पंधरा-सोळा अक्षरं. हेरंब म्हणाला ते सगळं खोटं नव्हतं. पेनवाल्याला कोणी धरू नये. पण नूपुरनेही खरंच सांगितलं होतं, आणि तिच्यावर हसून आम्ही मोकळे झालो. ज्याच्यावर विनोद असतो, त्यालाच सगळ्यांत आधी हसावं लागतं, नाही तर तो खडूस ठरतो. एवढं मात्र मी काचेवर बसून नक्की शिकलो.

एक दिवस गाडी सुटेल. वैभव किल्ली घेऊन येईल आणि माझ्यासमोर उभा राहील. ब्लेड आणेल की नाही, मला माहीत नाही. आणावं, अशी माझी विनंती आहे. कोपऱ्यापासून सुरू कर, वैभव, ऊन असताना. गरम काचेवरून मी लवकर सुटेन.

आणि काचेवर माझ्या आकाराचा स्वच्छ चौकोन उमटला, तर तो पुसू नकोस. लोक विचारतील, इथे काय होतं. तेव्हा तू स्वतः सांग.